फोटोवरून बर्फाचं निसर्गचित्र: जलरंगात पहिल्यांदाच बर्फ रंगवणाऱ्यांसाठी

मनाली किंवा गुलमर्गची सहल करून आलेल्या घरात फोन बर्फाच्या फोटोंनी भरलेला असतो. निम्म्या फोटोंत घरचे लोक भाड्याचे कोट घालून उभे असतात. उरलेल्यांतला एखादा पाहून मात्र वाटतं, हा रंगवायलाच हवा. मग कागद निघतो, फोटो जसाच्या तसा उतरवला जातो, आणि चित्रात बर्फाच्या जागी कापूस पिंजून ठेवलेला दिसतो. नाहीतर राखाडी चिखल.

यात हाताचा दोष कमी असतो. आपण एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांपासून जे निसर्गचित्र शिकलो त्यात तांबडी माती, कौलारू घरं, नदीचे घाट, आंब्याची झाडं. बर्फाशी गाठ कधी पडलीच नाही. त्यात भर म्हणजे कॅमेरा सर्वात जास्त थापा मारतो तो बर्फाच्या बाबतीत. त्यामुळे बर्फाच्या चित्रातलं बरंचसं काम ब्रश ओला करण्याआधीचं आहे: फोटोतलं काय खरं मानायचं आणि काय नाही, हे ठरवण्याचं.

खाली दिलेले टप्पे पारदर्शक जलरंगासाठी आहेत. उदाहरणासाठी कुलू खोऱ्यातलं नेहमी दिसणारं एक दृश्य धरू: सकाळची वेळ, उतारावर एक जुनं घर, मागे देवदार, पुढे सफरचंदाची निष्पर्ण झाडं आणि सगळीकडे बर्फ. ॲक्रिलिक किंवा तैलरंगात काम करणाऱ्यांना पहिले पाच टप्पे तसेच चालतील. पुढचा क्रम मात्र वेगळा, कारण त्यांच्याकडे पांढरा रंग वरून लावायची सोय आहे.

लागणारं सामान

- कागद: ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत), शंभर टक्के कॉटन. २२ × ३० इंचांचा एक पूर्ण ताव घ्या, त्याचे ११ × १५ चे चार तुकडे होतात. काटकसर करायचीच तर ब्रशात करा, कागदात नको. बर्फात मोठे, मऊ वॉश, म्हणजे पातळ रंगाचे सलग थर, असतात, आणि साध्या लाकडाच्या लगद्याच्या कागदावर ते डागाळत सुकतात. हातकागद वापरायचा असेल तर आधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. लगेच शोषला गेला तर या कामाला तो कागद नको.
- रंग: अल्ट्रामरीन ब्लू, कोबाल्ट ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि क्विनाक्रिडोन रोज. एवढे पुरतात. जुन्या पद्धतीचं अलिझरिन क्रिमसन उजेडात उडतं, म्हणून त्याऐवजी क्विनाक्रिडोन रोज. काळा नको.
- पांढरं गवाश (अपारदर्शक जलरंग): छोटी ट्यूब, अगदी शेवटच्या दोन-चार ठिपक्यांपुरती. तोवर ती कपाटात राहू दे.
- ब्रश: एक मोठा मॉप (जाड, मऊ केसांचा) किंवा १२ नंबरचा गोल, एक ६ नंबरचा गोल, फांद्यांसाठी रिगर (लांब, बारीक केसांचा), आणि केस फिस्कटलेला एक जुना ब्रश. हा जुना टाकू नका, ड्राय ब्रशला, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश फिरवण्याला, त्याच्यासारखा दुसरा नाही.
- इतर: बोर्ड, मास्किंग टेप, मास्किंग फ्लुइड (कागदाचा भाग कोरा राखायला लावायचं आणि नंतर घासून काढायचं द्रव), पाण्याची दोन भांडी, स्प्रेची बाटली, जुनं सुती कापड, टूबी पेन्सिल, पुट्टी रबर.
- फोटो: एक कृष्णधवल प्रिंट. रंगीत फोटो फोनवरच राहू दे, त्याचं कारण पुढे येईल.

## १. फोटो निवडा (आणि जमलं तर नीट काढून आणा)

पहिल्या चित्रासाठी बाजूने ऊन आलेला फोटो घ्या. सकाळी किंवा उतरत्या दुपारी सूर्य खाली असतो, सावल्या लांब पडतात आणि त्या सावल्याच जमिनीचा चढउतार सांगतात. भर दुपारचा फोटो कितीही लखलखीत असला तरी त्यात आकार नसतो. पूर्ण ढगाळ दिवसाचे फोटो सुंदर असतात, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या चित्रासाठी ठेवा. शिवाय फोटोत एक तरी गडद गट हवा. आपल्या उदाहरणात ते काम देवदार करतात. गडद काही नसेल तर बर्फ पांढरा दिसणार कशाच्या तुलनेत?

सहल अजून व्हायची असेल तर या गोष्टी लक्षात ठेवा. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य मध्यम राखाडी आहे असं गृहीत धरून चालतं, म्हणून बर्फ काळवंडलेला येतो. फोनवर बर्फावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. साध्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर अधिक एक ते दीडवर न्या. फार वर नको. बर्फ पूर्ण पांढरा होऊन गेला की त्यातले चढउतार फोटोतून कायमचे जातात, मग कुठलंही ॲप ते परत आणत नाही. एकाच जागेचे दोन फोटो काढा, एक बर्फ नीट दिसेल असा आणि एक झाडांच्या अंधारातलं दिसेल असा. फिल्टर बंद ठेवा.

फोनच्या अल्ट्रावाइड लेन्सला डोंगरांशी वैर आहे. डोळ्यांना अंगावर आल्यासारखा वाटणारा डोंगर तिच्यात बुटका होऊन मागे सरकतो. शक्य तर दुप्पट झूमवर काढा. फोटो आधीच काढून झाला असेल तर चित्रात डोंगर सव्वापट मोठा करा. तुमच्या डोळ्यांनी तो तेवढाच पाहिला होता.

आणि जवळचे फोटो काढा! देवदाराच्या एका फांदीवर बर्फ कसा बसलाय, छपराची कड, पावलांचे ठसे. घरी आल्यावर मोठ्या दृश्यापेक्षा यांचीच गरज जास्त लागते. थंडीतून गरम खोलीत शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत बंद करा, नाहीतर लेन्सवर दव धरतं.

## २. फोटो दुसऱ्याचा असेल तर

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, त्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर, भारतात फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं राहतो, आणि फोटोवरून केलेलं चित्र त्या हक्कातून आपोआप सुटत नाही. घरी सरावासाठी काढलं तर प्रश्न नाही. प्रदर्शन, विक्री किंवा स्पर्धा असेल तर फोटोग्राफरची परवानगी हवी. 'गुगलवर मिळाला' ही परवानगी होत नाही.

विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक फोटोखाली त्याचा परवाना लिहिलेला असतो, तो वाचा. सीसी-झिरो असेल तर मोकळीक आहे. सीसी-बाय असेल तर छायाचित्रकाराचं नाव द्यावं लागतं. परवान्यात एनडी ही अक्षरं दिसली, जी इतर संकेतस्थळांवरच्या फोटोंना असतात, तर त्यावरून केलेलं चित्र प्रसिद्ध करू नका. एनसी दिसलं तर विकू नका. बऱ्याच स्पर्धांना स्वतःचाच फोटो लागतो, तेव्हा नियमावली आधी पाहा. परवानगीचा मेसेज किंवा परवान्याचा स्क्रीनशॉट चित्राच्या फोल्डरमध्ये ठेवून द्या.

## ३. रंग विसरा, आधी टोन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

फोटो कृष्णधवल करा आणि डोळे किलकिले करून पाहा. आता दृश्य फक्त चार टोनमध्ये मांडायचं आहे: कोरा कागद, फिकट, मध्यम, गडद. काड्यापेटीपेक्षा थोड्या मोठ्या चौकटीत पेन्सिलीने दोन-तीन छोटी रेखाटनं करा. घराच्या खिडक्या, फांद्या वगैरे काही नको. फक्त टोनचे तुकडे.

निरभ्र सकाळी क्रम साधारण असा लागतो. उन्हातला बर्फ सर्वात उजळ. त्याखालोखाल आकाश. मग सावलीतला बर्फ, जो आकाशाच्या जवळपासच असतो, कधी त्याहून गडद. मग लांबच्या डोंगराचे उघडे कडे आणि सर्वात गडद देवदार. पहिल्यांदा रंगवणारे जवळजवळ सगळे दोन ठिकाणी चुकतात. निळं आकाश उन्हातल्या बर्फापेक्षा गडद असतं हे त्यांना पटत नाही, म्हणून आकाश पुचाट राहतं. आणि सावलीतला बर्फही 'शेवटी बर्फच ना' म्हणून पांढराच सोडतात.

फोनने या क्रमात ढवळाढवळ केलेली असते. फोनची एचडीआर सोय (उजेड-अंधारातला फरक कमी करणारी) सावल्या उजळते, आकाश गडद करते, आणि सगळं मधल्या टोनमध्ये येऊन बसतं. उलट साध्या कॅमेऱ्यात देवदार एकदम काळेकुट्ट येतात. दोन्ही दुरुस्त करण्याची जागा हे छोटं रेखाटन आहे. ११ × १५ च्या कागदावर पूर्ण कोरा सोडलेला भाग सगळा मिळून तुमच्या तळहाताएवढा असला तरी पुष्कळ झाला. बाकीच्या बर्फावर काही ना काही वॉश चढणारच आहे.

पीटर ब्रूगेल या जुन्या युरोपियन चित्रकाराचं, शिकारी बर्फातून परतत असल्याचं १५६५ सालचं चित्र फोनवर उघडून याच नजरेने पाहा. आकाश हिरवट-करडं आणि बर्फापेक्षा गडद आहे, आणि काळी झाडं, माणसं, कुत्री यांच्यामुळे बर्फ उजळतो. गडद टोनचं गणित समजायला यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

## ४. सावलीचा रंग ठरवा

उन्हातल्या बर्फावर सूर्याचा उबदार उजेड पडतो. सावलीत सूर्य पोचत नाही, तिथे फक्त आकाशाचा उजेड येतो, म्हणून निरभ्र दिवशी सावली निळी. ढग असतील तर ती करडी, किंचित जांभळट होते. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक आपोआप दुरुस्त करणारी सोय) कधी हा निळा पुसून टाकतो, कधी दुप्पट करतो. म्हणूनच फोटोतल्या निळ्याची हुबेहूब छटा शोधत बसू नका.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८६८-६९ च्या हिवाळ्यात कुंपणावर बसलेल्या मॅगपाय पक्ष्याचं बर्फातलं चित्र केलं. त्यात कुंपणाच्या सावल्या सरळ निळ्या आहेत. १८६९ च्या पॅरिसच्या सलाँने, म्हणजे तिथल्या अधिकृत प्रदर्शनाने, ते नाकारलं. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. निळा लावायला भीती वाटली की हे चित्र काढून बघत जा. आणि कुलूला जाणं झालं तर नग्गरची रोरिक गॅलरी चुकवू नका. रशियन चित्रकार निकोलस रोरिक १९२८ पासून १९४७ मधल्या मृत्यूपर्यंत तिथेच राहिले. टेंपेरा या अपारदर्शक रंगात केलेल्या त्यांच्या हिमालयात लांबचे डोंगर किती सपाट आणि किती थोड्या टोनमध्ये ठेवलेत ते पाहण्यासारखं आहे.

माझं नेहमीचं सावलीचं मिश्रण असं: अल्ट्रामरीन, त्यात क्विनाक्रिडोन रोजचा ठिपका आणि नखाच्या टोकाएवढी बर्न्ट सिएना. जवळच्या सावलीत सिएना जरा जास्त, लांबच्या सावलीत अल्ट्रामरीनऐवजी कोबाल्ट आणि भरपूर पाणी. उन्हाच्या भागावर यलो ऑकरचा इतका पातळ वॉश की लावलाय हे फक्त तुम्हालाच कळावं. तो पूर्ण वाळल्याशिवाय शेजारी निळा आणू नका, दोन्ही भेटले की बर्फ हिरवट होतो.

त्याच कागदाच्या कपट्यावर हे रंग लावून वाळू द्या. जलरंग वाळल्यावर फिकट पडतो, त्यामुळे ओला असताना 'जरा जास्तच झाला' वाटणारा निळा बहुतेक वेळा बरोबर असतो.

## ५. कागदावर मांडणी

फोनचा फोटो ४:३ असतो आणि ११ × १५ चा तुकडा जवळपास त्याच प्रमाणात बसतो. ३:२ च्या कॅमेऱ्याच्या फोटोला अर्धा ताव, म्हणजे १५ × २२, जास्त जुळतो. प्रिंटवर आडवे चार, उभे तीन चौकोन पाडा, तेच कागदावर अगदी हलक्या हाताने. बर्फावर राहिलेली पेन्सिलीची रेघ पुढे लपवायला काही नसतं.

आता काय गाळायचं? विजेच्या तारा, गाड्या, बर्फात बसून फोटो काढणारे सहप्रवासी. मॅगीची टपरी मी ठेवते, धुरामुळे चित्राला जाग येते. फक्त तिच्यावरची निळी ताडपत्री सावल्यांच्या निळ्याशी भांडते, ती विटकरी करून टाका.

घर काढताना सावध राहा. हाताला कोकणातल्या कौलारू छपराचं वळण असतं. कुलूकडची जुनी घरं काठकुणी पद्धतीची आहेत: देवदाराचे आडवे ओंडके आणि दगड यांचे एकाआड एक थर, वर पाटीच्या दगडाचं छप्पर. छपरावरचा बर्फ हा रंगाचा पट्टा नाही, त्याला जाडी आहे. ती कडेला दिसते. वरची बाजू गोलसर, मऊ, उन्हात कोरी. खाली वळताना एक फिकट निळी पट्टी. त्याच्या खाली, बर्फ आणि लाकूड यांच्या फटीत, जवळजवळ काळी बारीक रेघ. ती रेघ आली की छपरावर वीतभर बर्फ आहे हे न सांगता कळतं. रेघ सलग ओढू नका, दोन-तीन ठिकाणी तुटू द्या.

सफरचंदाच्या झाडांच्या बुंध्यांना चुना फासलेला असतो. फोटोत तो पांढरा वाटेल, पण बर्फाशेजारी चुना पिवळट-मळकट दिसतो. ऑकर आणि थोडी सिएना.

## ६. रंगवण्याचा क्रम

मास्किंग. उन्हातल्या दोन-तीन बारीक फांद्या आणि कुंपणाच्या खांबांची टोकं, एवढंच. ब्रशला आधी साबण लावा, नाहीतर ब्रश गेला. ड्रायरची गरम हवा त्यावर मारू नका आणि दिवसेंदिवस तसंच ठेवू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर ते कागदाचा पापुद्रा घेऊनच निघतं.

आकाश. कागद ओला करून वरून खाली कोबाल्ट, क्षितिजाकडे फिकट होत. डोंगराच्या उजळ कडेला नेमकं थांबा.

लांबचा डोंगर. फक्त त्याच्या सावल्या रंगवा. उन्हाची बाजू म्हणजे कोरा कागद.

बर्फावरच्या सावल्या. चित्र इथे ठरतं. मोठा ब्रश, भरपूर मिश्रण, आणि सावली एका दमात. ती जमिनीच्या अंगाने गेली पाहिजे: उतारावर लांबते, खड्ड्यात वाकते, उंचवट्यावर चढून पुन्हा उतरते. सरळ पट्टीसारखी सावली काढली की जमीन सपाट फरशी होते. जिथे बर्फ हळूहळू वळतो तिथे सावलीची कड स्वच्छ ओल्या ब्रशने विरघळवा. जिथे घराची किंवा खांबाची सावली पडलीय तिथे कड धारदार ठेवा. दोन्ही प्रकारच्या कडा हव्यातच. सगळ्या मऊ झाल्या की धुकं, सगळ्या धारदार झाल्या की कागदी कातरकाम.

वाळण्याचा वेग तुमच्या गावावर आहे. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात वॉश डोळ्यांदेखत सुकतो, तेव्हा पंखा बंद करा आणि कागद मागूनही ओला करा. मुंबईच्या जुलैत उलट, थांबायची तयारी ठेवा. अर्धवट ओल्या वॉशमध्ये पुन्हा ब्रश घालायचा मोह झाला तर उठून चहा करायला जा.

देवदार. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट मिसळा, थोडं ऑकर घाला. फांद्या आडव्या, थरांच्या असतात आणि बर्फ प्रत्येक थराच्या माथ्यावर बसतो. म्हणून थराची खालची बाजू रंगवायची आणि माथा सोडून द्यायचा. झाड आधी पूर्ण हिरवं करून त्यावर पांढरं लावण्याचा मार्ग सोपा दिसतो, पण गवाशचा पांढरा आणि कागदाचा पांढरा शेजारी आले की गवाश खडूसारखा दिसतो.

घर, बुंधे, फांद्या. लाकडाच्या थरांवर जुना ब्रश जवळजवळ कोरडा फिरवा. रिगरच्या फांद्या बुंध्याकडून बाहेर. सगळं नीट वाळल्यावर मास्किंग बोटाने घासून काढा. उघडे पडलेले पांढरे तुकडे टोचतात, त्यांच्या सावलीच्या बाजूला फिकट निळा द्या.

हिमकण. उन्हाच्या चित्रात उडत्या बर्फाची गरज नाही. तरी टूथब्रशने गवाश उडवायचंच असेल तर उरलेल्या चित्रावर कागद झाका. मिठाच्या दाण्यांची युक्ती बर्फ पडत असलेल्या ढगाळ आकाशाला छान, आणि तीही वॉशची चकाकी जायच्या बेतात असताना.

## ७. फोटो केव्हा बंद करायचा

देवदार झाले की फोन पालथा ठेवा. रंगीत फोटो समोर असला की माणूस त्यातली प्रत्येक फांदी, प्रत्येक दगड आणायला बघतो आणि सोडलेला कागद भरत जातो. इथून पुढे तुलना त्या छोट्या टोनच्या रेखाटनाशी करा. चित्र लांब उभं करून डोळे किलकिले केल्यावर तेच चार तुकडे दिसत असतील तर थांबा.

काही बिघडलंच तर: सावली फार गडद झाली असेल तर वाळल्यावर ओल्या ब्रशने हलकेच उचलून कापडाने टिपा. कॉटन कागदावर बरीच निघते. उन्हातला बर्फ मळला असेल तर त्याच्या शेजारचा गडद टोन आणखी गडद करून पाहा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

मागच्या बाजूला पेन्सिलीने ठिकाण, तारीख आणि फोटो कोणाचा ते लिहून ठेवा. फ्रेम करताना माउंट ॲसिड-फ्री मागा आणि काच चित्राला टेकणार नाही असं फ्रेमवाल्याला बजावून सांगा. पावसाळ्यात काचेला चिकटलेल्या कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. तांबड्या मातीच्या चित्रात ते खपून जातात, बर्फावर पहिल्याच दिवशी दिसतात.